टिकलीचं फुफ्फुस की किडनी

१२ जाने.
लिहायला घेतलं, कारण आज डॉक्टरीणबाईंनी साधं विचारलं, "कासवाने शेवटचं कधी खाल्लं?" मी म्हटलं सोमवारी, हे म्हणाले बुधवारी. शोभा झाली. यापुढे लिहिलेलं तेच खरं.
टिकलीला न्यूमोनिया. पाण्यात डावीकडे कलते, नाकाला बुडबुडे. इंजे. पाच, दर ७२ तासांनी, पुढच्या पायात. औषध किडनीला जड. पहिलं तिथेच दिलं. वजन १ किलो ४० ग्रॅम.

१३ जाने.
ह्यांचं सुरू. "बंद कर ती इंजेक्शनं." पेनकिलरने ह्यांचं स्वतःचं क्रिएटिनिन वाढलं होतं, तेव्हापासून किडनी म्हटलं की चेहरा उतरतो. म्हटलं, "किडनीचं नंतर बघू. श्वास तिला आत्ता हवाय."
टाकीतून काढली. टॉवेलात, बल्बखाली, कोरडी.

१५ जाने.
दुसरं घरी, मी दिलं. ह्यांनी धरली आणि डोळे मिटले (स्वतःचे).
बुडबुडे कमी. पण लघवी नाही, दोन दिवस टॉवेल कोरडा. डोळे खोल.

१६ जाने.
वाशीला डॉक्टरीणबाईंना फोन.
"काकू, पाण्यात ठेवताय ना?"
"न्यूमोनियात पाण्यात कशी ठेवू?"
बोलणी खाल्ली. अंगात पाणी नसताना हे औषध म्हणजे किडनीची वाट लावणं.
चूक माझी. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली बाई, आणि सर्दीत अंघोळ बंद हा आईचा नियम कासवाला लावला. ह्यांना सांगून टाकलं.
"म्हणजे माझं बरोबर होतं."
"अर्धं."
कोमट पाणी, हनुवटीच्या खाली, अर्धा तास, दोनदा.

१७ जाने.
सकाळी लघवी! सोबत पांढरे कण, किडनीतून आलेलं युरिक अ‍ॅसिड; दाखवायला डबीत ठेवले. ह्यांनी लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना सांगितलं. लाज नाही.

१८ जाने.
तिसऱ्याचा दिवस. तिला घेऊन वाशीला. डॉ. म्हणाल्या, आधी रक्त बघू. दुसरं औषध आहे, त्याने टोचल्या जागी स्नायू खराब होतो, शिवाय फुफ्फुसाचा उपचार पहिल्यापासून. हेच द्यायचं तर किडनीची जोखीम, संमती लेखी हवी.
हे फॉर्म घेऊन बसून राहिले. "तुला काय वाटतं?"
"रक्त बरं आलं तर हेच. श्वास ह्यानेच सुधारलाय."
"आणि किडनी गेली तर?"
"तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणा."
सही केली. मग पेन माझ्याकडे सरकवलं. मीही केली.
काउंटरवर ११.२० ला दिलं: टिकली, वजन १ किलो १० ग्रॅम. डबीत पांढरे कण. भरलेल्या तीन सिरिंजा. ह्या पानांचे फोटो. दोन सह्यांचा फॉर्म. रिपोर्ट चारनंतर.