चुलीजवळचा दस्ता

वुकोता,

मिलेवाला घेऊन मी आईकडे जातेय. पोरगी सुखरूप आहे, आधी तेवढं वाच.

त्या इटालियन रायफलचा तडकलेला दस्ता जोडण्याआधी लाकडातलं जुनं तेल सुटावं, म्हणून तू तो चुलीजवळ ठेवलास. मी कुरकुरले तर म्हणालास, "अगं, लाकूड आहे ते, बंदूक नव्हे!" आज मिलेवाने तो ओढला, तर आत काहीतरी खुळखुळलं. शेजारच्या स्तानाकाकू हसल्या, "बापानं खुळखुळा बरा आणलाय पोरीला!" मी दस्त्याच्या मागच्या पोकळीवरची पितळी झडप उघडली आणि न उडालेलं काडतूस माझ्या तळहातावर पडलं. चांगलं कोमट होतं.

ते अंगणात वाळूच्या बादलीत आहे. हात लावू नकोस, पोलीस न्यायला येताहेत. काचामाक झाकून ठेवलाय, थंडच खा. चूल मी विझवलीय, पेटवू नकोस.

भिंतीवरच्या बाकीच्या रायफलींच्या झडपा तू कधी उघडून पाहिल्यास का, हे विचारायला थांबणार होते. पण तू "हो" म्हणाला असतास आणि मला ते खरं वाटलं नसतं. म्हणून निघाले.

यान्या