दिन्याचा फोन मी घेतला

शुक्रवार, ९ जानेवारी २०१५. सहम, ओमान
सुट्टीचा वार, तरी दि. (आमचा दिन्या) उजाडायच्या आत मैदानावर. मैदान कसलं, खडी, आणि मधे सिमेंटची पट्टी. रणजी ट्रॉफीत वर्षानुवर्षं डाव्या हाताने चेंडू वळवला माझ्या लेकाने, इंडियाकडून बोलावणं काही आलं नाही. आता अर्बाबच्या कंपनीतल्या कामगारांची टीम शिकवतो. मालकाला इथे अर्बाब म्हणायचं. कागदावर दि. स्टोअरकीपर, कामाने कोच. "टप्पा बघ, टप्पा!" ओरडून घसा बसवून येतो. मग मी मिठाच्या गुळण्या करायला लावते, पन्नाशीच्या घोड्याला.

रत्नागिरीत मुलांना कोच हवाय. याने अर्ज टाकलाय. फोन न्हाणीत पण नेतो. टीम जाहीर व्हायची तेव्हाही असाच शेजारच्यांच्या फोनपाशी बसायचा. म्हटलं, अंडी उबवतोयस काय रे? हसला नाही.

सोमवार, १२
अर्बाब म्हणतात, अजून दोन वर्षं राहा, पुढच्या गुरुवारपर्यंत सांग. दि.ने विचारलं, गावचं काम मिळालं तर सोडाल का? "इन्शाल्ला" म्हणाले. चला. देवाचं नाव घेऊन बोलला माणूस, म्हणजे शब्दच दिला. दि.ने दुसरी भाकरी घेतली नाही.

गुरुवार, १५
संक्रांत. सुनबाईने सकाळी समुद्रावर नेलं. इथे मेला सूर्य पाण्यातून वर येतो आणि डोंगरात बुडतो. आमच्याकडे उलटं. डोळ्यांना अजून पटत नाही. आपलं गाव कुठच्या बाजूला, विचारलं. दि.ने हात केला. डावाच. मग तो हात खाली घ्यायचं विसरला.
तिळगूळ कडक झाला. इथला गूळच तसला.

शनिवार, १७
आज माझ्या हातून…
दि. आंघोळीला, फोन चुकून बाहेर. वाजला. रत्नागिरीचे साहेब. "काकू, दिनेश येतोय ना नक्की? आम्हाला पक्का माणूस हवा." मी आपली जोर देऊन, ठासून म्हटलं, "येणार! इन्शाल्ला!"
 मग "बरं बरं. बघू." ठेवला.
दि. टॉवेल गुंडाळून बाहेर. काय म्हणाले, तू काय म्हणालीस, शब्दन् शब्द विचारला. सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.
"आई, ते स्वतः दहा वर्षं कुवेतला होते गं!"
"मग बरंच की. कळलं असेल."
"तेच तर! इथे 'नाही' म्हणायची लाज वाटली की इन्शाल्ला म्हणतात."
सुनबाई हसत सुटली, मग त्याच्याकडे बघून आत गेली.
मग अर्बाबने शब्द दिला, तो?
विचारलं नाही. मला कळलं.

मंगळवार, २०
दि.ने तीनदा फोन लावला तेव्हा लागला. "आई साधी आहे हो माझी" म्हणत होता. साधी! ऐकून घेतलं. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो. 'हो' नाही, 'नाही' पण नाही.
जेवताना म्हटलं, मला शिव्या घाल एकदाच्या, पण हे तोंड नको. म्हणाला, "तुला काय शिव्या घालू, तुला माझ्यापेक्षा जास्त जायचंय."
कोणी सांगितलं याला? मी तर कधी बोलले नाही.

गुरुवार, २२
आज उत्तर द्यायचं होतं, पण अर्बाब सूर गावाला गेलेत, रविवारी येतील. तेवढी सुटका. दि.ने अजून हो म्हटलेलं नाही.
संध्याकाळी मी बांगडे साफ करत होते. दि. बूट घालून आला, फोन माझ्या पुढ्यात ठेवला. "प्रॅक्टिसला जातो. साहेबांचा आला तर तू घे."
"मी? आणि काय बोलू?"
"नुसतं 'येणार' म्हण," लेस बांधता बांधता म्हणाला. मग चेंडूंची पिशवी खांद्यावर टाकून गेला.
बांगडे अर्धे तसेच पडलेत. साबणाने हात धुऊन फोनपाशी बसलेय.