पार्बतामावशीच्या गाठी

प्रिय पार्बतामावशी,

आकड्यांपलीकडे तुला काही वाचता येत नव्हतं, तरी हे पत्र तुलाच लिहिते आहे. काल तुझी नातसून दवाखान्यात तपासून घ्यायला आली होती. पोळ्याच्या आधीच तू गेलीस, हे तिच्याकडून कळलं. मग ती कौतुकाने म्हणाली, "आजी सांगे, हैद्राबादेत माह्यं नाव माइकवर घेतलं म्हणून." मावशी, माझी मान वर होईना. मी तिची नाडी मोजत राहिले आणि दोनदा चुकले.

आणीबाणी उठली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी मेडिकलची विद्यार्थिनी, समुद्रपूरच्या एस.टी.तून उतरून तुझ्या गावात येणारी, आणि तू गावची सुईण. जन्माच्या दिवशी बाळाचं वजन किती भरतं, हा माझा विषय होता. मला आठवड्यातून एकदाच यायला जमायचं, म्हणून काटा, झोळी आणि दोरा ओवलेली कार्डं तुझ्या हवाली केली. वजन करून तू कार्डावर आकडा लिहायचीस आणि कार्ड खुंटीला अडकवायचीस; आईचं नाव मी आल्यावर तुला विचारून लिहायची. माझ्यापेक्षा तुझंच अक्षर नेटकं होतं!

हैद्राबादला डॉक्टरांच्या परिषदेत मी हे मांडणार होते, तिला पंधरा दिवस उरले. सरांनी सराव करून घेतला आणि तक्ते पाहून विचारलं, बाळं इतकी हलकी कशी? पहिल्या दिवसांत बाळाचं वजन उतरतं आणि मग भरून येतं. ही वजनं खरंच जन्मदिवसाची आहेत ना? मी छातीठोकपणे हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी धरून तुझ्याकडे आले.

तू शांतपणे म्हणालीस, "पाचवी पुजल्याबिगर लेकराले कोनी काट्याले टांगू देते का?"

माझं डोकंच फिरलं. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली होती. ओसरीवर चार बाया बसल्या होत्या, त्यांच्यादेखत मी तुला खोटारडी म्हणाले. आज तो शब्द लिहितानाही लाज वाटते. तू रागावली का नाहीस गं?

तू एवढंच विचारलंस, "दोऱ्याच्या गाठी नाई पाह्यल्या का? जितके दिवस, तितक्या गाठी."

कार्डावर दिवसाचा रकानाच नव्हता, कारण दिवस पहिलाच असणार हे मी गृहीत धरलं होतं. तुझ्या गाठी मला साध्या गाठी वाटल्या. आणि कार्डं एकावर एक नीट बसेनात, म्हणून ते सगळे दोरे मीच कात्रीने कापून फेकून दिले होते.

मग तीन दिवस आपण ओसरीवर बसलो. मी आईचं नाव वाचायची आणि तू दिवस सांगायचीस. सुमनची पाचवी अमावस्येमुळे पुढे ढकललेली, म्हणून सातवा. कमलच्या सासूने हट्टाने थांबवलं, म्हणून आठवा. मी घरोघरी जाऊन ताडून पाहिलं. एकच दिवस चुकला होता, तर त्याचीही तुला रुखरुख! विषयाचं नाव बदललं, तक्ते पुन्हा काढले आणि मी हैद्राबादला गेले.

तिथे एका वयस्कर डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं. वजनाचा दिवस कोणी सांगितला? तुझं नाव माझ्या ओठांवर होतं, मावशी. पण सुईण, दोरा, गाठी म्हटलं तर हसतील, असं वाटलं. मी म्हणाले, आमच्या नोंदींवरून. त्यांनी मान डोलावली आणि टाळ्या पडल्या.

परत आल्यावर तू चहा गाळता गाळता विचारलंस, "माह्यं नाव घेतलं का वं तिथं?"

मी म्हणाले, "हो, माइकवर."

तू वर पाहिलं नाहीस, पण माझ्या कपात सायीचं दूध घातलंस. मग गावभर सांगत फिरलीस. तू तरी इतका विश्वास कशाला ठेवलास? एकदा खोदून विचारलं असतंस, तर मी कबूल केलं असतं. केलं असतं का, कोण जाणे.

आता मी शिकवते. माझी विद्यार्थिनी वसुधा हिने तू वजन केलेली तीच लेकरं शाळेत जाऊन पुन्हा मोजली. पुढच्या महिन्यात पुण्याच्या परिषदेत ती बोलणार आहे. आज दुपारी सराव घेताना मी तिला विचारलं, तेव्हा वजनाचा दिवस कोणी सांगितला? ती पटकन म्हणाली, "जुन्या नोंदींवरून, मॅडम." माझंच वाक्य!

मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, कात्रीसकट. मग तिने पहिला तक्ता बाजूला काढला आणि स्वतःच्या नावाशेजारी तुझं नाव लिहिलं. पार्बताबाई, सुईण.

मावशी, एक कबूल करते. पुण्यात तुझं नाव माइकवर घेतलं गेलं, की परतताना वर्ध्याला घरी न जाता मी तुझ्या गावची एस.टी. धरीन. त्याच ओसरीवर बसून, त्या चार बायांपैकी ज्या असतील त्यांच्यादेखत, तुझ्या नातसुनेला सांगीन, की मागच्या वेळी नाव घेतलं नव्हतं. इथे खोटारडी एकच होती, आणि ती तू नव्हतीस.

तुझी डॉक्टरीणबाई,
सुनंदा