स्वयंपाकघराचा भराव

१८ सप्टेंबर १९८३

आले एकदाची! बुसानहून यॉंगजूपर्यंत गाडीत उभ्याने, पुढे बस, आणि शेवटचा मैलभर ग्युहोच्या मागोमाग सफरचंदांच्या बागांतून. लग्नाला वर्ष झालं, पण सासरी राहायला म्हणून आजच आले. बुटांच्या कारखान्यात आठ वर्षं गोंदाचा वास घेतला; इथली हवा नाकाला खरीच वाटत नाही.

सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "पाचवा ना? मग ती पिशवी दे त्याच्याकडे. नवरा कशाला केलास?" मला हसू आवरेना.

घर लहान, पण लख्ख. स्वयंपाकघर तेवढं मांडीभर खोल. चूल खाली पेटते, तिची धग खोलीच्या जमिनीखालून फिरते आणि वर सगळ्यांच्या पाठी शेकतात. जेवणारे उबेत, रांधणारी खड्ड्यात. चौरंगावर जेवण मांडायचं आणि तो उचलून दोन उंच पायऱ्या चढून खोलीत न्यायचा.

२५ सप्टेंबर

ग्युहो यॉंगजूला रेल्वेच्या कारखान्यात असतो, शनिवारचा येतो. काल त्याने दोरी लावून जमीन मोजली. भराव घालून स्वयंपाकघर खोलीच्या पातळीला आणायचं आणि चुलीच्या जागी खोल्या तापवायला बंब बसवायचा, असं त्याच्या मनात आहे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, रांधणार ती, तर ठरवूही दे तिलाच. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, ही सासू विकायची असेल तर मला आधी सांग!"

मला ठरवता येईना. चुलीपुढे बसायला आवडतं मला. पण पाय सुजायला लागलेत.

एक गंमत. भरला चौरंग घेऊन पायरीपाशी आले की तो हलका होतो. खालून कुणी हात दिल्यासारखा.

३ ऑक्टोबर

आज जेवताना ते सहज सासूबाईंना सांगितलं. त्यांच्या हातातला चमचा पडला.

दुपारी मुळे चिरता चिरता, मान वर न करता, त्यांनी सगळं सांगितलं. मला थोरली जाऊ होती, पिलनाम नावाची. बापाला मुलगा हवा होता म्हणून ‘पुढचा मुलगाच’ अशा अर्थाचं नाव. अकरा वर्षांपूर्वी ती या घरात नांदत होती. आठवा महिना होता. भरला चौरंग घेऊन ती पायरीशी थांबली आणि म्हणाली, आई, जरा हात लावता? सासूबाई दारातच बसल्या होत्या, दोन हातांच्या अंतरावर. म्हणाल्या, "आम्ही नाही का उचलले? तुझाच चौरंग सोन्याचा?" ती चढली, तोल गेला, पाठीवर पडली. उकळतं सूप अंगावर. ती गेली आणि पोटातलंही गेलं. दीर मासेमारीच्या मोठ्या जहाजावर निघून गेला, पुन्हा आला नाही.

"नऊ पोरं वाढवली मी," सासूबाई म्हणाल्या. "जागचं उठायला मला झालं काय होतं गं?"

मी मुळे चिरत राहिले.

९ ऑक्टोबर

चौरंगाच्या कडेखाली बोटं दिसली. माझ्या बोटांच्या शेजारी. दिवसाउजेडी, भर दुपारी.

मी चौरंग टाकला नाही. वर नेला, वाढला, जेवले. मग मागच्या अंगणात जाऊन सगळं ओकले.

सासूबाई म्हणाल्या, तू जड व्हायच्या आत भराव घालून घे. मी म्हटलं, पण ती खाली आहे ना. त्या रडल्या. तिला त्या मायेने बुजवायला निघाल्यात की भीतीने, ते त्यांनाच कळत नसावं. मला तरी माझं कुठे कळतंय?

१५ ऑक्टोबर

ग्युहोला सांगून टाकलं, घाल भराव. ती मला मदत करते हे नाही सांगितलं. लाज वाटली.

२४ ऑक्टोबर

तीन दिवसांत काम झालं. मो नावाचा गवंडी मोठा बडबड्या. म्हणे, "वहिनी, आता नाचत नाचत चौरंग न्या!" माती, खडी, वरून सिमेंट. शेवटची टोपली ओतताना सासूबाई घरात नव्हत्या. बागेत जाऊन बसल्या होत्या.

जमीन एकसारखी झाली. घरातून उतरण गेली. चूलही गेली.

२७ ऑक्टोबर

दुपारी साडेबाराला जमिनीखालून आवाज. ठक. लाकूड लाकडावर आपटावं तसा. जुन्या पायरीच्या जागी. मग पुन्हा, वरच्या अंगाला.

बंबाचा नळ असेल.

३० ऑक्टोबर

नळ नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जेवणाच्याच वेळी. ती चौरंग वर देते आहे. वर सिमेंट आहे. घ्यायला कुणी नाही.

सासूबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. घास घेतला की ऐकू येतं, म्हणतात. मलाही येतं.

६ नोव्हेंबर

ग्युहोला काहीच ऐकू येत नाही. म्हणाला, दिवस गेलेल्या बायकांना भास होतात. मी म्हटलं, आईंना कुठे दिवस गेलेत? तो चिडला. जाताना आईच्या पायांना हात लावून गेला. असं तो कधी करत नाही.

१४ नोव्हेंबर

दवाखान्यातून दुपारी एक वाजता परतले. घरात सिमेंटची धूळ. सासूबाईंनी पहारीने जमीन फोडली होती. सत्तरी पार केलेली बाई! पालथ्या पडल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत. म्हणत होत्या, "दे बाळा, धरलंय मी. सोड तू. धरलंय."

मी ओढलं. हलल्या नाहीत. खाली काहीतरी जड होतं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "गरम आहे गं," म्हणाल्या. मग मान टाकली.

१७ नोव्हेंबर

माती दिली. आंघोळ घालताना बघितलं होतं — दोन्ही तळवे भाजलेले. फोड आलेले. मातीत कसली आग होती?

ग्युहो विचारतो, खड्डा बुजवून सगळं सारखं करू का. मला हो म्हणता येईना. नाहीही म्हणता येईना. वर फळी टाकली.

३ डिसेंबर

आवाज बंद. ठक नाही, काही नाही. बरं वाटायला हवं ना?

खाली दोघी जेवत असतील. मी इथे एकटीच जेवते.

११ डिसेंबर

पहाटेपासून बर्फ. आठवा लागून आठच दिवस झालेत — आणि कळा सुरू झाल्या. ग्युहो सुईणीला आणायला गेला. बस बंद असेल. चालत गेला असेल.

दुपार. कळा जवळ जवळ येताहेत. लिहिलं की जरा बरं वाटतं. शेजारणीला हाका मारल्या. बर्फात कुणाला ऐकू जाणार —

आत्ता मी हाक मारली. आई म्हणून. तोंडातून निघून गेली. माझी आई बुसानला. ती हाक तिला नव्हती.

पायऱ्या आता नाहीत. तरी कुणीतरी चढतंय. हळू. एकीला दुसरी धरून —

फळी सरकली.

घाबरायचं की नाही ते ठरत नाही. खूप दुखतंय. त्यांना यायला उशीर होतोय असं वाटतंय, म्हणजे मी वाटच बघते आहे —

खड्ड्याच्या कडेवर हात आलेत. चार. कुणाचा धरू, कोणता —