‘चु.’ म्हणजे चुलत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, हिवतापाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांच्याकडे असा दाखला कधी कोणी मागितलाच नाही, त्यांच्याविषयी खाली येईलच. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे धाकट्या भावाला दिले होते. ते रद्द समजावे. तेव्हाही डोके ठिकाणावर होते, फक्त भाऊ नीट ठाऊक नव्हता.

कलम एक : घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर व वरची गच्ची, हे सर्व माझ्या चुलत बहिणीला द्यावे. ती प्राण्यांची डॉक्टर आहे. घर मी माझ्या पगारातून घेतले आहे, वडिलोपार्जित नाही, तेव्हा भावाने वकिलाला त्रास देऊ नये. माझे ऑपरेशन झाले तेव्हा बहीण सोळा रात्री रुग्णालयाच्या बाकावर झोपली. भावाने एकदा फोन केला, तोही गच्ची कोणाच्या नावावर आहे हे विचारायला. बहिणीचे कौतुक केले तर म्हणाला, “ताई, चुलत ते चुलतच. शेवटी रक्त सख्खंच धावून येतं.” छत्तीस वर्षे मी रक्तच पाहत बसले होते. रक्ताविषयी त्याने मला शिकवू नये.

भावाला माझी मोजपट्टी द्यावी. दर भेटीत तो खोल्या पावलांनी मोजतो, ते बघवत नाही.

कलम दोन. यात वाटायचे काही नाही, पण हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, ते बारा वर्षांत कळले नाही. वाचणारा साहेब नसेल असे धरून लिहिते.

माणसाला हिवताप देणारा एक परजीवी असा नखरेल आहे की काचेच्या भांड्यात तो जगतच नाही. मग लशीने त्याला कुठे गाठायचे, हे पाहायचे कसे? माकडांत त्याचा एक चुलतभाऊ असतो. तो आमच्या भांड्यात माणसाच्या रक्तावर मजेत वाढतो. ज्यांना तो माणसाचा हिवताप पुन्हा पुन्हा होऊन अखेर होईनासा झाला, अशा लोकांच्या रक्तातला पातळ भाग मी या चुलतभावावर घातला. त्या रक्ताने त्याला जन्मात पाहिले नव्हते, तरी ओळखले. तो तांबड्या पेशीत शिरता शिरता दारातच अडला. म्हणजे दोघा भावांच्या अंगावर कुठेतरी सारखी खूण आहे, आणि लशीने नेम धरायचा तो त्या खुणेवर. आमच्याकडे अशा दोन खुणा माहीत होत्या. तिसरी मी शोधली.

साहेबांची उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, “लस माणसांची आणि सरबराई माकडांच्या पाहुण्यांची? बाई, हा द्राविडी प्राणायाम कशाला?” सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी दोघे पुढे बढतीला गेले.

कलम तीन : कुप्या. तिसरी खूण चुलतभावाच्या ज्या वाणावर सापडली, त्याच्या दोनशे चौदा कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या होत्या. कुपी करंगळीच्या पेराएवढी आणि लिहायला जागा नखाएवढी. म्हणून ‘चुलत’चे मी ‘चु.’ केले व पुढे क्रमांक टाकला. मी ऑपरेशनच्या रजेवर असताना साहेबांना टाकीत जागा हवी झाली. ‘चु.’ म्हणजे ‘चुकीचे’, असे त्यांनी बसल्या जागी ठरवले. मला एक फोन करायला त्यांच्या बोटांना काय झाले होते, देव जाणे. माल नष्ट करण्याच्या कागदावर त्यांनी सही ठोकली आणि खाली सवयीने लिहिले, “वाचून पाहिले, बरोबर.” साहेब कुठलाही कागद वाचत नाहीत, पण ही ओळ लिहायला कधी विसरत नाहीत.

कुप्या वाफेत शिजल्या. मग वाणच नाही म्हणून प्रयोग पुन्हा होईना, आणि प्रयोग पुन्हा होत नाही म्हणून साहेबांनीच तिसरी खूण अहवालातून काढून टाकली. मी काचसामान धुण्याच्या खोलीत नळ सोडून रडले. हे कोणाला ठाऊक नाही, आता असू दे.

एवढ्या मोठ्या इमारतीत अक्कल चालवली ती एकाने. टाकीत नायट्रोजन भरणारा, शाळा सातवीत सुटलेला. मी रजेवरून आले तेव्हा त्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारले, “बाई, दोनशे चौदा चुका कुणी नंबर घालून जपून ठेवतं का?” त्याने सहा कुप्या बाजूला काढून माझ्या बहिणीच्या टाकीत पोचवल्या होत्या. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचा माल गोठवून ठेवायला तिच्या दवाखान्यात तशीच टाकी आहे, आणि तीही तोच भरतो.

मागच्या वर्षी बहिणीकडे त्यातली एक उघडली. वाण जिवंत, तिसरी खूण जिथल्या तिथे. समितीला कळवले. समिती म्हणाली, कागदोपत्री तो वाण चुकीचा म्हणून नष्ट झाला आहे. ज्यांची सही आहे त्यांची लेखी दुरुस्ती आणा. साहेबांना तीनदा विनवले. तिन्ही वेळा म्हणाले, “बघू.”

कलम चार. उरलेल्या पाच कुप्या व सर्व वह्या चुलत बहिणीकडे राहाव्यात. बँकेत जे असेल त्यातून दर आठवड्याला टाकी भरावी. माझे स्वतःचे सूक्ष्मदर्शक टाकीवाल्याला द्यावे. त्याला नीट दिसते, हे सिद्ध झालेले आहे.

कलम पाच : साहेब. वकील म्हणाले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू शकत नाही. म्हणून साहेबांना साक्षीदार करते. गुरुवारी ते फुले घेऊन माझी तब्येत पाहायला येणार आहेत, तेव्हा साक्षीदारांचा मजकूरही मीच आधी लिहून हे पान त्यांच्यापुढे ठेवीन. त्यांनी वाचले तर सही करणार नाहीत, आणि तिसरी खूण माझ्याबरोबर जाईल. भीती वाटते, खोटे कशाला बोलू? पण साहेबांचा बारा वर्षांचा अनुभव माझ्या बाजूने आहे. सही झाली तर बहिणीने हे पान त्याच दिवशी समितीकडे न्यावे. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक १९, गुरुवार.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार क्र. १, घरचे डॉक्टर : सही करणारी पूर्ण शुद्धीवर होती. दोन्ही साक्षीदारांनी तिच्यासमोर सह्या केल्या. (सही)

साक्षीदार क्र. २, विभागप्रमुख : मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली. तसेच मी मान्य करतो की, ‘चु.’ म्हणजे चुलत. मी चुकीचा म्हणून नष्ट करवलेला वाण चुकीचा नव्हता, त्यातल्या सहा कुप्या वाचल्या, आणि अहवालातून तिसरी खूण काढणे ही माझी चूक होती. (सही)

वाचून पाहिले, बरोबर.