चौथी काच

टॅलो क्रीक, जॉर्जिया
१८ जुलै २०१९

प्रिय नेट्टा,

तुला अनेक आशीर्वाद. डेट्रॉइटमध्येही यंदा फार उकडतंय असं टीव्हीवर सांगत होते, तेव्हा रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस आणि दुपारची बाहेर पडू नकोस. इकडे आम्ही दोघं ठीक. अंगणातल्या अंजिराला एवढी फळं लागली आहेत की पक्षीसुद्धा कंटाळले. अक्षर वाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस, मांडीवर कागद ठेवून लिहितेय.

रविवारी तुझा फोन घाईत ठेवला, रागावली नाहीस ना? ट्रेमेन क्लासला गेलाय असं मी म्हणाले. रविवारी कसला आलाय क्लास, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. तुला खोटं सांगायला मला कधीच जमलं नाही. म्हणून आज लिहायला बसले. फोनवर माझा आवाज ऐकलास तर तू बोलणं संपायच्या आत बसचं तिकीट काढशील. हे आधी शेवटपर्यंत वाच, मग काय ते कर.

पहिल्यांदा चांगली बातमी. गाडीच्या काचांचं काम एकदाचं झालं. माझ्या ल्युपसच्या आजाराला ऊन अजिबात चालत नाही, असं डॉक्टर ओकाफोरबाईंनी लिहून दिलं, आणि अटलांटाच्या सरकारी ऑफिसातून शिक्क्यासह परवानगी आली की या बाईच्या गाडीला इतरांपेक्षा गडद काचा चालतील. गॅरेजवाल्या बिग कर्टिसने चारही दारांच्या काचांवर काळी फिल्म चढवली. समोरची काच मात्र परवानगी असली तरी काळी करता येत नाही. म्हणून मी मागे उजवीकडे बसते आणि तुझा लेक ट्रेमेन गाडी चालवतो. परवानगीचा कागद त्याने प्लास्टिकमध्ये घालून समोर वरती अडकवलाय, म्हणजे कुणी विचारलं तर खण उघडायला हात खाली न्यावा लागू नये. हे डोकं त्याचंच.

पहिल्या रविवारी चर्चला गेलो तर सिस्टर पर्लाइन पायरीवरूनच ओरडली, "अगं बाई, मला वाटलं मयताची गाडी आली! कोण गेलं म्हणून मी रुमालसुद्धा काढला." ट्रेमेन काय कमी आहे? उतरला, माझं दार उघडलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "मिस व्हर्लीन येत आहेत, वाट सोडा." माझी हॅट दारातून निघेना, मग काय, सगळ्यांना हसायला निमित्तच मिळालं. मीही हसले. शाळेच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर पोरांच्या गोंगाटात उभी राहिलेली बाई मी, आणि इतके दिवस पडदे ओढून घरात बसले होते. दिवसाउजेडी माणसांत आले, मला रडूच यायचं बाकी होतं.

पोरगा गुणी आहे गं. एसी दुरुस्तीच्या कोर्समध्ये मास्तर त्याचं नाव घेतात. सकाळी माझ्यासाठी मक्याच्या कण्यांचे ग्रिट्स शिजवतो. गुठळ्या होतात, पण मी मुकाट्याने खाते. शेंगा उकडायला मात्र शिकला, मीठ अगदी आपल्या आईसारखं घालतो.

बघ, अंजिरं झाली, शेंगा झाल्या. आता लिहायलाच हवं.

मागच्या गुरुवारी आम्ही डॉक्टरबाईंकडून परत येत होतो. भर दुपार होती. पेकानच्या बागेपाशी मागून पोलिसांचे निळे दिवे लागले. ट्रेमेनने गाडी हळू करून कडेला घेतली, आतला दिवा लावला, पटापट काचा खाली केल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. सगळं तू शिकवलंस तसं. पंधरा वर्षांचा होता तेव्हापासून तू त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून, स्टिअरिंग म्हणून हातात ताटली देऊन, स्वतः पोलीस होऊन हे घोकून घेतलंस. मी तेव्हा तुला हसले होते. "पोराकडे गाडी नाही आणि हिची परीक्षा चालू," म्हणाले होते. तो त्यातली एकही गोष्ट विसरला नाही. पण काचा त्याने तीनच खाली केल्या. चौथी माझी होती, आणि ऊन नेमकं त्याच बाजूला होतं.

शेरीफचा माणूस त्याच्या गाडीच्या दाराआडून ओरडला, "सगळ्या काचा खाली! मागची उजवी!"

"सर, तिथे माझी मावशी बसली आहे. तिला ऊन चालत नाही. परवानगीचा कागद समोरच लावलाय, सर."

"काच खाली घे!"

"सर, ती आजारी आहे, प्लीज, एकदा तो कागद बघा..."

मी मान वळवून मागे पाहिलं. त्याचा हात कमरेवर गेला होता आणि पिस्तुलावरचा पट्टा सुटलेला होता. तोही पोरगाच होता गं, ट्रेमेनहून चारपाच वर्षांनी मोठा असेल नसेल. आवाज कापत होता त्याचा. काळ्या काचेमागे कोण आहे हे त्याला दिसत नव्हतं आणि तो भ्यायला होता. मला त्याच्या पिस्तुलापेक्षा त्याच्या भीतीची जास्त धडकी भरली.

मी माझ्याकडचं बटण दाबलं. काच हलली नाही. मध्ये एकदा डुलकी लागून माझं कोपर त्या बटणावर पडून काच उघडली होती, तेव्हापासून ट्रेमेन पुढून माझं बटण बंद करून ठेवायचा.

"ट्रेमेन, काच खाली घे."

"नाही, मावशी."

"अरे, घे म्हणते ना खाली!"

"डॉक्टर काय म्हणाल्या? पाच मिनिटंसुद्धा नाही म्हणाल्या ना? मी नाही घेणार." हात स्टिअरिंगवर, मान सरळ, ओठसुद्धा फारसे हलत नव्हते त्याचे.

मागून पुन्हा ओरडणं आलं. आता त्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता. तेव्हा मी म्हणाले, "ट्रेमेन, तुझ्या आईला मी काय सांगू?"

मग काच खाली आली.

माझे हातमोजे काळे होते. हातात काळं काही दिसलं तर त्याला काय वाटेल कुणास ठाऊक, म्हणून मी ते आधीच ओढून काढले होते. दोन्ही उघडे हात बाहेर उन्हात धरले आणि मोठ्याने म्हणाले, "मी आहे, बाळा. म्हातारी बाई आहे. हे बघ माझे हात."

"हात तसेच ठेवा!"

ठेवले. तो आला, त्याने कागद घेतला, गाडीत जाऊन वायरलेसवर कितीतरी वेळ बोलत बसला. मी लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र म्हणत राहिले, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. ट्रेमेनच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि पुसायला त्याला हात उचलता येत नव्हता. मला एवढंच दिसत होतं, त्याची मान आणि तो घाम. ऊन मला जाणवतच नव्हतं, खरं सांगते.

शेवटी त्या शेरीफच्या माणसाने कागद परत दिला. "दिवस चांगला जावो, मॅडम," म्हणाला. दंड नाही, काही नाही. चूक नव्हतीच, तर दंड कसला? ट्रेमेनने आधी माझी काच वर घेतली. घरी अंगणात उतरल्यावर अंजिराच्या झाडाला धरून ओकला, आणि मग मला विचारतो, "मावशी, तुला पाणी देऊ?"

दुसऱ्या दिवशी माझे हात सुजले, कोपरापर्यंत लालभडक झाले. मग ताप चढला. बोटं इतकी सुजली की ल्युशिअसने लग्नात घातलेली अंगठी कापून काढावी लागली. नर्सने दोन तुकडे पाकिटात घालून दिले आहेत. तेव्हा अक्षर वाकडं का, ते कळलं ना? मांडीबिंडी काही नाही. मी हॉस्पिटलमध्ये आहे, आणि पेन धरलं की कळ येते. डॉक्टरबाई म्हणतात, ताप उतरतोय, पुढच्या आठवड्यात घरी जाशील. माझी काळजी करू नकोस. माझ्यासाठी हे पत्र नाहीच.

नेट्टा, तुझ्या गल्लीत गोळ्या चालतात म्हणून तू त्याला माझ्याकडे पाठवलंस. "ताई, तुझ्याकडे शांत आहे, तिथे तो जगेल," म्हणाली होतीस. त्याला परत पाठवू, तर तिथे ती गल्ली. इथे ठेवू, तर हा रस्ता. कुठे पाठवू गं मी त्याला? पूर्वी मला उन्हाची भीती वाटायची. आता गाडीचं दार वाजलं तरी छातीत धस्स होतं.

बिग कर्टिसला फोन करून सांगितलं की बाबा, ती फिल्म काढून टाक. तर या पोराने किल्ल्याच लपवल्या. "मग तू काय करणार? पुन्हा पडदे ओढून बसणार?" माझ्यावर डोळे वटारतो. कुणावर गेलाय ते मला माहीत आहे.

काल दुपारी मीच म्हटलं, चल, सराव करू, आईबरोबर करायचास तसा. त्याने दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या. पुढच्या खुर्चीवर तो बसला, हातात माझ्या जेवणाची ताटली. मागची माझी, रिकामी. मी पलंगावर, पोलीस. पण माझ्या तोंडून आवाज फुटेना. आपल्या पोरावर तसं ओरडायचं, नेट्टा, तू एवढी वर्षं कसं केलंस? आणि मी तुला हसत होते.

शेवटी कसंबसं ओरडले, "सगळ्या काचा खाली!" त्याने तोंडाने काचांचा आवाज काढला. एक. दोन. तीन. आणि थांबला.

"चौथी!" मी म्हणाले.

त्याने मान हलवली. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा केलं. दर वेळी तो तिथेच थांबतो. मी रागावले, विनवलं, रडलेसुद्धा. तो मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो आणि म्हणतो, "तिथे ऊन आहे, मावशी."

माझं तो ऐकणार नाही. तुझं ऐकेल. हे पत्र मिळालं की मला नको, त्याला फोन कर. त्याला खुर्चीवर बसव, हातात ताटली दे, आणि तुझ्या त्या आवाजात सांग की चौथी काच आधी खाली, बाकीच्या नंतर. सांग की मावशीचे हात बरे होतात. दर वेळी बरे होतात, असंच सांग.

हात बाहेर धरून बसलेली,
तुझी ताई
व्हर्लीन