साहेबाची जांभळाची बियर

ता. ९ मे १९२६, रविवार. भाटघर.

साहेबानं आज मला दारू चाखायला सांगितलं. मला! गळ्यात तुळशीची माळ दिसत असताना!

धरणावरच्या वाफेच्या यंत्रांचा हा साहेब बेल्जम मुलखातला. मी त्याचा सैपाकी. मटण माझ्या हातून होणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलंय. आज हाक मारून म्हणाला, "कुंडलिक, एक घूँट लेव. बोलो, कैसा है." ग्लासात लालसर काहीतरी, वर बोटभर फेस. न्हाणीत मोठ्या पिंपात चाललेला उद्योग हाच तर! जव भिजवून मोड आणलेले, विलायतेची वाळकी कडू फुलं आणि आपली करवंदं. नाव बियर, पण चांगली जोरकस आहे म्हणे.

माळ पुढे धरून दाखवली. तर म्हणतो, "मालूम है. लेकिन दूसरा सब आदमी बोलता, फस्क्लास साब. तुम झूठ नहीं बोलता." वा रे वा! खरं बोलतो म्हणून धर्म बुडवायचा?

आबा दारूपायी गेले. शेवटी शेवटी पोटच्या पोराला ओळखेनात. त्यांच्या तेराव्याला मी माळ घातली. अठरा वर्षं झाली, थेंब नाही.

ता. १० मे.

बाळाबाईला सांगितलं. बायको भाकरी थापायची थांबली. "असल्या घरची चाकरी कशापाई करायची म्हन्ते मी? आपल्या गावी पालीला चला, नाचनी खाऊ."

ता. १६ मे, रविवार.

आज पुन्हा ग्लास. तोंडाला लावणार नाही म्हटलं, वास घेईन. त्यात पाप नाही. पालीच्या सप्त्यात पाचशे पान उठतं ते माझ्या नाकावर! नैवेद्याआधी चाखायचं नाही, ही आमची रीत. आमटीत मीठ पडलं की नाही, हे मी वाफेवरून सांगतो.

नाकाशी नेलं आणि डोकंच फिरलं. करवंदाच्या चिकाचा वास! देठासकट ओतलीत, धुतलीसुद्धा नाहीत! म्हटलं, "साहेब, चीक राहिला. घसा धरेल." साहेबानं वहीत लिहून घेतलं. मग चौकीदार सोनबाला बोलावलं. त्यानं अख्खा ग्लास घशात ओतला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "लई ब्येस, सायेब!" सोनबाला रॉकेल दिलं तरी ब्येसच! साहेब त्याच्यावर असा ओरडला की तो पायऱ्यांवरून थेट फाटकापर्यंत पळाला.

दारू वाईट, ते वेगळं. पण करायचीच तर नीट का करू नये माणसानं?

ता. २३ मे, रविवार.

आज जन्मात पहिल्यांदा आमटीत मीठ घालायला विसरलो. बाळाबाईशी भांडण झालं होतं, त्या तंद्रीत. जीव मुठीत धरून उभा. साहेबानं दोनदा वाढून घेतली!

सहा महिने झाले. बरं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. शिरा केला, खीर केली, मान हलवील तर शपथ! सरकारी कागद वाचावा तसा जेवतो. आणि त्या पिंपातल्या घाणीसाठी मात्र माझ्या जिभेची गरज! आमचं रांधणं म्हणजे काय बैलाचं आंबोण?

ता. २० जून, रविवार.

करवंदं संपली, आता जांभळं. मीच सुचवलं, कबूल आहे. पासलीहून जांभळं विकणारी फुलाबाई दोन पाट्या घेऊन आली. "सायब एवडी जांबळं खानार? पोट धरंल की त्येचं!" मी पाट्या उतरवून घेतल्या. काय सांगणार, दारूला हवीत म्हणून?

धुऊन, निवडून दिली. माळेत ह्याला बंदी नाही, असं मनाला समजावलं. साहेबाकडे एक जुना कागद आहे, घडीवर फाटलेला. त्यात बघून मापं घेतो.

ता. १८ जुलै, रविवार.

बाटली उघडली. बूच थेट आढ्याला!

वास... लिहायची लाज वाटते, पण चांगला होता. पावसात भिजलेल्या जांभळीखाली उभं राहिल्यासारखा. तसं सांगितलं. साहेब खूश होईल म्हटलं, तर ग्लास माझ्या हातात कोंबायला लागला. "नाक नहीं, कुंडलिक. जुबान!" तो कागद त्याच्या आईचा. ती दरसाल अशीच बियर करायची, तिकडच्या कसल्याशा आंबट फळाची. आधी आंबट लागायची, मग गोड, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या मुळाशी कडू. लढाईत ती गेली. हिची चव तशी उतरली का, एवढंच त्याला हवं होतं.

मी ग्लास खाली ठेवला. "तुमची आई, तुम्हीच प्या आणि तुम्हीच ठरवा," म्हणालो.

तोंडावर चापट बसावी तसा झाला त्याचा चेहरा. उठून भर पावसात निघून गेला. जाऊ दे! चाकरी केली म्हणून माळ विकली नाही मी.

ता. २५ जुलै, रविवार.



दोन दिवस साहेबानं खोलीत कुणाला येऊ दिलं नव्हतं. कागदपत्रांचं काम होतं म्हणे. आज न्याहारी घेऊन गेलो तर दारातच सडका वास आला. नाकाला उपरणं लावून आत गेलो. पलंगाखाली मेलेली घूस, फुगून फुटलेली. आणि साहेब त्याच पलंगावर बसून शांतपणे पाव खातोय!

"साहेब! वास येत नाही तुम्हाला?"

त्यानं वाकून बघितलं. घास हातातच राहिला. लाल झाला, लहान मुलाची चोरी पकडावी तसा.

"लढाई में जहर का धुआँ. नाक खतम. जुबान खतम. नौ साल." मग म्हणाला, "किसी को मत बोलो."

घूस मी बाहेर टाकली. खोली शेणानं सारवली. 

ता. २६ जुलै.

कुणाचा राग करू, तेच समजेना. तो धूर सोडणाऱ्यांचा? की माझा? सहा-आठ महिने त्या माणसावर जळत होतो. आणि म्हणालो काय त्याला? तुम्हीच प्या आणि तुम्हीच ठरवा! जीभ झडली का नाही माझी!

बाळाबाईला सांगितलं. कुणाला सांगू नको म्हणाला होता साहेब, पण सांगितलं. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "माळ तुमी घातलीया. म्या काय सांगू?"

ता. २७ जुलै, मंगळवार.

सकाळी आंघोळ केली. माळ काढून देवापुढे ठेवली.

साहेबासमोर बसून त्या जांभळाच्या बियरचा एक घोट घेतला. वाईट होती. तसंच सांगितलं. साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "कैसा खराब?"

दुपारपर्यंत त्याला सांगत बसलो.